नगरचं मटण: धोका कुणाला, कमतरता कुणाला

पन्नाशीच्या आसपासच्या माणसाचा रक्तदाब किंवा साखर वाढलेली निघाली की आमच्या जिल्ह्यात डॉक्टरांच्या चिठ्ठीवर गोळ्यांच्या खाली एक ओळ हमखास येते: मटण बंद. त्याच दवाखान्यात, त्याच बाकावर त्याची सून हिमोग्लोबिन आठवर घेऊन बसलेली असते. तिला लोहाच्या गोळ्या मिळतात आणि पालेभाज्या खायला सांगितलं जातं. एका चुलीवर जेवणाऱ्या या दोघांना लाल मांसाबद्दल एकच उत्तर देता येत नाही, हे मला या लेखात सांगायचं आहे. जगभर या विषयावर जे संशोधन झालं आणि जे वाद झाले, ते अहिल्यानगर जिल्ह्याच्या ताटाशी ताडून पाहिल्याशिवाय ज्याचं त्याचं उत्तर हाती लागत नाही.

आधी लाल मांस कशाला म्हणायचं ते पक्कं करू. शेळी, बोकड, मेंढी, गाय-बैल, म्हैस, डुक्कर अशा सस्तन प्राण्यांचं मांस म्हणजे लाल मांस. कोंबडी आणि मासे यात येत नाहीत. बोकड गावरान आहे, माळावर चरलेला आहे, म्हणून तो या हिशेबातून सुटतो असं अनेक जण धरून चालतात. तसं नाही. संशोधनाच्या व्याख्येत बोकड आणि मेंढी दोन्ही नावानिशी आहेत.

ऑक्टोबर २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं आपला निष्कर्ष जाहीर केला आणि तेव्हापासून ही भीती घरोघरी पोचली. फ्रान्समधल्या ल्यों शहरात १० देशांतले २२ तज्ज्ञ बसले आणि त्यांनी ८०० हून अधिक अभ्यास तपासले. मीठ, नायट्राइट किंवा धूर लावून टिकवलेलं मांस, म्हणजे सॉसेज, सलामी, बेकन, हॅम, त्यांनी पहिल्या गटात टाकलं: यानं माणसाला कर्करोग होतो, पुरावा पुरेसा आहे. साधं लाल मांस त्यांनी ‘बहुधा कर्करोगकारक’ या त्याखालच्या गटात ठेवलं. रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो, आणि साध्या लाल मांसाचा संबंध खरा धरला तर रोजच्या १०० ग्रॅममागे तो १७ टक्क्यांनी वाढतो, असा त्यांचा हिशेब होता.

पहिल्या गटात तंबाखूही आहे. त्यामुळे ‘मांस तंबाखूइतकंच घातक’ असे मथळे छापून आले आणि तो समज अजून गेलेला नाही. हे गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतात, नुकसान किती मोठं आहे ते सांगत नाहीत. त्याच वेळी दिलेल्या अंदाजानुसार जगात प्रक्रिया केलेल्या मांसाच्या अतिरेकामुळे वर्षाला सुमारे ३४ हजार कर्करोगमृत्यू होतात, दारूमुळे सुमारे ६ लाख आणि तंबाखूमुळे सुमारे १० लाख. टक्क्यांचंही तसंच आहे. समजा, एखाद्या वस्तीतल्या हजार माणसांपैकी दहा जणांना आयुष्यात कधीतरी मोठ्या आतड्याचा कर्करोग होणार आहे. ती सगळी माणसं रोज ५० ग्रॅम सलामी खाऊ लागली, तर त्या दहाचे साधारण बारा होतील. दोन माणसं म्हणजे काही किरकोळ गोष्ट नव्हे, पण १८ टक्के हा आकडा ऐकून मनात उभं राहणारं चित्र आणि हे चित्र यांत बरंच अंतर आहे.

हे होतं कसं, तेही समजून घेण्यासारखं आहे. मांसाला लाल रंग देणारं हीम नावाचं लोहयुक्त द्रव्य आतड्यात गेल्यावर नायट्रोसो संयुगं तयार व्हायला मदत करतं आणि ती संयुगं आतड्याच्या अस्तराला इजा करतात. टिकवण्यासाठी घातलेलं नायट्राइट त्यात भर टाकतं. मांस थेट ज्वाळेवर किंवा निखाऱ्यावर करपेपर्यंत भाजलं की आणखी काही घातक रसायनं तयार होतात. पाण्यात शिजणाऱ्या मांसात ती फारच कमी असतात, कारण पाण्याचं तापमान शंभर अंशांपुढे जात नाही. आपल्या रश्शाच्या बाजूनं जाणारी ही गोष्ट आहे.

२०१५ नंतर पुरावे दोन्ही बाजूंनी आले. ब्रिटनमधल्या पावणेपाच लाख लोकांच्या २०१९ च्या अभ्यासात दिवसाला सरासरी ७६ ग्रॅम लाल आणि प्रक्रिया केलेलं मांस खाणाऱ्यांना २१ ग्रॅम खाणाऱ्यांपेक्षा मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका २० टक्के जास्त आढळला. त्याच वर्षी १४ जणांच्या एका आंतरराष्ट्रीय गटानं सगळे पुरावे चाळून सांगितलं की ते कच्चे आहेत, लोकांनी खातात तसं खात राहावं. त्यावर पोषणशास्त्रज्ञांत मोठा गदारोळ झाला. मला त्या गटाचं एक म्हणणं पटतं. कोण काय खातो ते विचारून वर्षानुवर्षं माणसांवर नजर ठेवणाऱ्या अभ्यासांत खूप गोष्टींची सरमिसळ होते. जास्त मांस खाणारा माणूस अनेकदा जास्त पितो, जास्त ओढतो, कमी चालतो. पण पुरावा कच्चा आहे म्हणून धोकाच नाही, ही त्यांची पुढची उडी मला मान्य नाही. वेगवेगळ्या देशांतले आकडे एकाच दिशेला बोट दाखवत असतील आणि त्यामागची शरीरातली क्रियाही समजत असेल, तर सावध राहणं शहाणपणाचं आहे.

आपल्याला जास्त उपयोगी पडतील असे दोन अभ्यास वेगळे काढून सांगतो. भारतासह २१ देशांतल्या १ लाख ३४ हजार लोकांचा एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात साध्या लाल मांसाचा हृदयविकाराशी किंवा मृत्यूशी ठळक संबंध सापडला नाही. प्रक्रिया केलेलं मांस आठवड्याला १५० ग्रॅमहून जास्त खाणाऱ्यांत मात्र, ते अजिबात न खाणाऱ्यांच्या तुलनेत, हृदयविकाराचा धोका ४६ टक्के आणि मृत्यूचा ५१ टक्के जास्त होता. दुसरा अभ्यास २०१३ चा, बांगलादेश, चीन, जपान, कोरिया आणि तैवानमधल्या जवळपास तीन लाख लोकांचा. तिथे लाल मांस खाणाऱ्यांत मृत्यू वाढलेले दिसले नाहीत. उलट पुरुषांत हृदयविकाराचे आणि स्त्रियांत कर्करोगाचे मृत्यू थोडे कमीच होते. या देशांत मांस अमेरिकेच्या मानानं फार कमी खाल्लं जात होतं, आणि ज्याला थोडं मांस परवडतं तो इतर बाबतींतही जरा बऱ्या स्थितीत असतो. मात्र यात भारत नव्हता, हे विसरून चालणार नाही.

आता नगरच्या ताटाकडे येऊ. २०११-१२ च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात देशाच्या ग्रामीण भागात दरडोई मटण महिन्याला साधारण ५० ग्रॅम होतं, शहरी भागात ८० ग्रॅमच्या आसपास. कर्करोग संस्थेचा हिशेब रोजच्या १०० ग्रॅमचा, म्हणजे महिन्याला तीन किलोचा. ग्रामीण सरासरीच्या साठपट. त्यातून मटणाचा भाव किलोला सातशे-आठशे रुपयांवर गेलेला. सरासरीवर बोट ठेवून ‘आपल्याकडे हा प्रश्नच नाही’ असं म्हणणारे चुकतात, कारण सरासरीचं मटण कुणीच खात नाही.

या जिल्ह्यात माळकऱ्यांची घरं गावोगाव आहेत. ज्ञानेश्वरी सांगितली गेली ते नेवासं इथलंच. शिर्डीची वारी करणारे, चातुर्मास पाळणारे, सोमवार-गुरुवार-शनिवार धरणारे वेगळेच. २०१४ च्या सरकारी नमुना पाहणीत महाराष्ट्रातली पंधरा वर्षांवरची ४० टक्के माणसं शाकाहारी होती. त्याच वेळी शेळ्या-मेंढ्यांच्या बाबतीत हा राज्यातल्या आघाडीच्या जिल्ह्यांपैकी एक. संगमनेरी शेळी हे नावच इथलं, आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात संगमनेरी शेळी आणि दख्खनी मेंढी या दोन्हींवर संशोधन चालतं. पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, जामखेडचा कमी पावसाचा टापू मेंढरांवर जगत आलेला आहे. त्यामुळे एका घरात वर्षभर मटण शिजत नाही आणि शेजारच्या घरात आठवड्यातून दोनदा शिजतं, असं चित्र सर्रास दिसतं.

मटण येतंही एकगठ्ठा. धुळवड, गावची जत्रा, नवसाची कंदुरी आणि श्रावण लागण्याआधीचा आखाड. आखाडात अजूनही भाऊबंद मिळून बोकड घेतात आणि वाटे घालतात. ताडपत्रीवर किंवा धुतलेल्या पोत्यावर दहा-बारा ढीग मांडले जातात. सत्तूरवाला प्रत्येक ढिगात मांडीचे तुकडे टाकतो, मग चापीचे, मग एकेक नळी. कलेजीचे सारखे काप करून तेही वाटून टाकतो. शेवटी वजडी, फोपसा आणि चरबीचा एकेक तुकडा. हातानं जोखून झालं तरी कुणीतरी म्हणतंच, त्या कडेच्या वाट्यात हाडं जास्त झाली, आणि मग एक तुकडा इकडचा तिकडे होतो. मला ही वाटणी फार मोलाची वाटते. वाटा घेणाऱ्या प्रत्येक घराला त्या बोकडातलं सगळं मिळतं, लोहानं भरलेली कलेजीसुद्धा.

घरात गेल्यावर मात्र ही समान वाटणी संपते. पहिली पंगत पुरुषांची आणि पाहुण्यांची. बोटी त्यांच्या ताटात जातात, कलेजी चुलीवरच चाखायला संपते किंवा म्हाताऱ्याला आणि पोरग्याला मिळते. बायका शेवटी बसतात तेव्हा पातेल्यात रस्सा असतो, तळाशी दोन हाडं असतात. त्या बाजरीची भाकरी कुस्करून रश्शावर जेवण उरकतात. तरी विचारलं तर उत्तर येतं की घरात मटण झालं, सगळ्यांनी खाल्लं. म्हणून घरामागे किती किलो मटण आलं यावरून आरोग्याचा हिशेब लागत नाही, ते कुणाच्या ताटात पडलं हे पाहावं लागतं.

पुरुषांच्या बाजूचा धोका गेल्या वीस-पंचवीस वर्षांत वाढला आहे आणि तो एकट्या मटणाचा नाही. नगर-पुणे, नगर-मनमाड, नगर-संभाजीनगर या रस्त्यांवर ढाबे आणि ‘चुलीवरचं मटण’च्या पाट्या रांगेनं उभ्या राहिल्या. तिथे मटण खारवलेल्या शेंगदाण्यांबरोबर, दारूबरोबर, रात्री अकरा वाजता येतं. वर बोटभर तर्री. या तर्रीत जनावराची चरबी असते, फोडणीचं तेल असतं, आणि हॉटेलात ते तेल अनेकदा आधी तापवून झालेलं असतं. मीठही चढं. भारतात १० कोटी १० लाख मधुमेही आणि प्रौढांपैकी ३५ टक्क्यांहून अधिक उच्च रक्तदाबाचे, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीनं २०२३ मध्ये दाखवलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलं आहे की आपली मुलं जन्मतःच वजनानं कमी पण अंगात चरबी जास्त अशी असतात. अशा शरीराला पुढे सुटलेलं पोट लवकर महागात पडतं. त्यात २०२४ मध्ये २० देशांतल्या जवळपास २० लाख लोकांच्या माहितीवरून असं दिसलं की रोज १०० ग्रॅम साधं लाल मांस खाणाऱ्यांत मधुमेहाचा धोका १० टक्के जास्त असतो आणि रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाणाऱ्यांत १५ टक्के. तेव्हा आठवड्यातून तीन-चार रात्री ढाब्यावर बसणाऱ्या चाळिशीच्या माणसाला डॉक्टर मटण कमी करायला सांगतात ते योग्यच सांगतात. फक्त त्यांनी तर्री, मीठ, दारू आणि रात्रीची वेळ हेही त्याच दमात सांगायला हवं. नाहीतर तो मटण सोडून रोज तंदुरी चिकन आणि तळलेले काजू खातो आणि पथ्य पाळल्याचं समाधान मानतो.

बोकड आणि मेंढी यांतला फरक इथे कामाचा आहे. पुणे-नगर पट्ट्यात ‘बोल्हाईचं मटण’ अशी पाटी दिसली की ते मेंढीचं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. काही घराण्यांत देवीच्या श्रद्धेपायी बोकड वर्ज्य आहे, मेंढीच चालते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यांत शेळीच्या १०० ग्रॅम निवडक मांसात ३.६ ग्रॅम चरबी दिली आहे आणि मेंढीच्या मांसात १३.३ ग्रॅम. वय, जात आणि कुठला भाग घेतला यावर हे आकडे हलतात. पण शेळीची चरबी बहुतेक पोटात साठते, मांसाच्या रेषांत कमी असते, त्यामुळे ती काढून टाकणं सोपं. ज्यांच्या घरी मेंढीच चालते त्यांनी खाटकाला चरबी वेगळी करायला सांगावी आणि रस्सा थंड झाल्यावर वर साकळलेला थर चमच्यानं काढून टाकावा. देवीची श्रद्धा आणि हृदयाची काळजी यांत भांडण लावायची काहीच गरज नाही.

कर्करोगापुरतं बोलायचं तर आपल्या शेजारचा पुरावा हाताशी आहे. जामखेडच्या शिवेला लागून असलेल्या भूम-परांड्यासह बार्शी भागातल्या कर्करोगाची नोंदवही बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात टाटा रुग्णालयाच्या मदतीनं १९८७ पासून ठेवली जाते. ग्रामीण भारतातली ही पहिली नोंदवही. तिथे पुढे असतात ते गर्भाशयमुख, स्तन आणि तोंडाचे कर्करोग. मोठ्या आतड्याचा फार मागे. आणि २०१६-१७ च्या तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातली प्रत्येक चार प्रौढांमागे एकाहून अधिक माणसं तंबाखू वापरत होती, त्यांतली बहुतेक खाऊन किंवा मिश्री लावून. म्हणून कर्करोगाच्या भीतीनं मटण सोडणाऱ्या पण खिशात चुना-तंबाखूची डबी ठेवणाऱ्या माणसाला मी आधी डबी सोड म्हणेन. मटणाचं नंतर पाहू. प्रक्रिया केलेल्या मांसाची गोष्ट वेगळी. नगर शहरातल्या मॉलमधून, संगमनेर-श्रीरामपूरच्या पिझ्झा-बर्गरच्या दुकानांतून सॉसेज-सलामी आता कॉलेजच्या पोरांपर्यंत आली आहे. कोंबडीचं सॉसेज हेसुद्धा प्रक्रिया केलेलं मांसच. हे अजून अंगवळणी पडलेलं नाही तोवरच थांबवता येईल.

आता बाकावर बसलेल्या सुनेकडे वळतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला आणि सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या जवळपास ६९ टक्के बालकांत. ऊसतोडीला जाणाऱ्या पाथर्डी-शेवगावच्या बाया, दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणाच्या पोरी, पाळी सुरू झालेल्या शाळकरी मुली यांच्यासाठी हा आकडा म्हणजे रोजची धाप आहे, चक्कर आहे, बाळंतपणातला जीवघेणा रक्तस्राव आहे. मांसातलं हीम लोह शरीर १५ ते ३५ टक्के शोषून घेतं. भाजी-धान्यातलं लोह त्याहून बरंच कमी शोषलं जातं, आणि जेवणाबरोबर चहा घेतला तर आणखी कमी. शिवाय मांसाचा थोडा तुकडा ताटात असला की त्याच जेवणातल्या भाजी-भाकरीतलं लोहही जास्त शोषलं जातं. आतड्याच्या कर्करोगात ज्याच्यावर संशय आहे तेच हीम इथे औषध ठरतं. ज्याच्या ताटात त्याची रेलचेल आहे त्याला ते कमी करायला सांगायचं आणि जिच्या ताटात ते नाहीच तिला द्यायचं, यात काहीही विसंगत नाही.

ब-१२ जीवनसत्त्वाचंही तेच. याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे परिसरातल्या खेड्यांत, झोपडपट्टीत आणि शहरी मध्यमवर्गात मिळून ४४१ पुरुष तपासले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत ६७ टक्के जणांत ब-१२ कमी होतं, आणि शाकाहाऱ्यांत ही कमतरता असण्याची शक्यता चौपटीहून जास्त होती. ब-१२ वनस्पतींत मिळत नाही. दूध, दही, अंडी, मासे, मांस किंवा गोळी, एवढेच मार्ग.

ज्यांना मांस चालत नाही त्यांना यासाठी धर्म सोडावा लागत नाही, हेही याच जिल्ह्यात सिद्ध झालं आहे. लोह वाढवलेल्या बाजरीची चाचणी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या निवासी शाळांतल्या १२ ते १६ वर्षांच्या २४६ मुलामुलींवर झाली. काहींना नेहमीच्या बाजरीची आणि काहींना या नव्या बाजरीची भाकरी दिवसातून दोनदा दिली. सुरुवातीला लोहाची कमतरता असलेल्यांपैकी नवी बाजरी खाणाऱ्यांची कमतरता सहा महिन्यांत भरून निघण्याची शक्यता इतरांच्या १.६ पट होती. हे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. गोळ्या नाहीत, मांस नाही, रोजचीच भाकरी. असं असताना या वाणांचं बियाणं गावच्या कृषी सेवा केंद्रात सहज का मिळत नाही, हा प्रश्न मी तळमळीनं विचारतो. आणि अंड्याचाही. राज्य सरकारनं नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी थांबवला. जे पालक नको म्हणतील त्यांच्या मुलांना केळं देता येत होतं. बाकीच्यांच्या तोंडचं अंडं काढून घेण्याचं कारण पोषणशास्त्रात तरी सापडत नाही.

गरिबांच्या ताटातलं लाल मांस म्हणजे नेहमी बोकड नव्हतंच. मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात गायीबरोबर बैल आणि वळू कापण्यावरही बंदी आली. म्हशीचं मांस बंदीबाहेर राहिलं. मटणाच्या निम्म्याहून कमी भावात मिळणारं ‘मोठ्याचं’, म्हणजे मोठ्या जनावराचं मांस, हे मुसलमान, ख्रिस्ती आणि दलित घरांतल्या अनेकांचं आठवड्याचं लोह आणि प्रथिन होतं. त्याची जागा कशानं भरली, हे आरोग्य खात्यानं मोजायला हवं होतं.

त्याही मागे गेलं तर मांसाचा सर्वांत मोठा धोका कर्करोगाचा नव्हता. अकोले तालुक्यातल्या धामणगावच्या दया पवारांनी १९७८ मध्ये आलेल्या ‘बलुतं’मध्ये मेलेल्या जनावराच्या मांसावर जगलेल्या महारवाड्याचं जिणं लिहून ठेवलं. फाशी किंवा काळपुळी झालेलं जनावर फाडणाऱ्या आणि खाणाऱ्या माणसाला तो रोग होतो, आणि पूर्वी त्याला औषधही नव्हतं. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत मांस सोडा असं सांगितलं ते माणूसपणासाठी. पण त्या एका निर्धारानं किती जीव वाचले असतील, याचा विचार आरोग्याच्या इतिहासात व्हायला हवा.

तेव्हा करायचं काय? रोजचे सहा-सात तास बसून काम, पोट सुटलेलं, साखर किंवा रक्तदाब चढा, अशा माणसानं आठवड्याला एकच वेळ मटण घ्यावं, चरबी काढलेलं, रश्शात शिजवलेलं, सोबत भाकरी, कांदा, काकडी आणि डाळ. जागतिक कर्करोग संशोधन निधीची मर्यादा आठवड्याला शिजवलेलं ३५० ते ५०० ग्रॅम आहे. पण आपल्या शरीराची ठेवण पाहता त्याच्या खालच्या टोकालाही न पोचलेलं बरं. निखाऱ्यावरचं करपलेलं टाळावं. रक्तक्षय असलेल्या, मांस चालणाऱ्या मुलीला किंवा बाईला मात्र आठवड्यातून एक-दोनदा चार-पाच बोटी आणि कलेजीचे दोन काप पहिल्या पंगतीला द्यावेत. गरोदरपणात, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, कलेजी टाळावी, कारण तिच्यात अ जीवनसत्त्व फार असतं. त्या काळात साधं मटण, अंडं आणि लोहाच्या गोळ्या. लहान लेकरांसाठी तिखट घालण्याआधी बाजूला काढलेलं अळणी पाणी देण्याची रीत चांगली आहे, पण लोह पाण्यात फार उतरत नाही. अळण्याबरोबर तुकडाही बारीक करून द्यायला हवा. गोळी मात्र कुणीही बंद करू नये.

हे घराघरांत सांगणार कोण? जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० च्या दशकापासून गावातल्याच, बहुतेक न शिकलेल्या बायांना आरोग्यसेविका केलं. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो याच कामासाठी. घरात कोण कधी जेवतं आणि कुणाच्या ताटात काय पडतं, हे अशा बाईला कळतं, डॉक्टरच्या चिठ्ठीला कळत नाही. आज गावोगाव आशाताई आहेत. त्यांच्या वहीत ‘घरात मांसाहार आहे का’ या प्रश्नाशेजारी ‘तुम्ही स्वतः शेवटचं कधी खाल्लं’ असा प्रश्न असायला हवा.

शेवटी एक धोका, जो मटण न खाणाऱ्यालाही गाठतो. आठवडे बाजारात आणि आखाडात बोकड-मेंढ्या उघड्यावर कापल्या जातात. यकृतात किंवा फुफ्फुसात पाण्याच्या गाठी दिसल्या की खाटीक तो भाग कापून कुत्र्यांपुढे फेकतो. त्या गाठींत पट्टकृमीच्या अळ्या असतात. कुत्र्याच्या आतड्यात त्यांचे कृमी होतात, विष्ठेतून अंडी मातीत, भाजीत, पाण्यात जातात, आणि तिथून माणसाच्या पोटात. वर्षानुवर्षं काही कळत नाही, मग यकृतात नारळाएवढी गाठ निघते. मटण कितीही शिजवलं तरी याचा काही उपयोग नाही, कारण हा आजार मटणातून येतच नाही. कुत्र्यांच्या संगतीनं राहणारे मेंढपाळ, खाटकांची मुलं आणि कच्ची भाजी खाणारा माळकरी, सगळे या वाटेवर आहेत. गाभडलेली शेळी उघड्या हातांनी हाताळणं आणि कच्चं दूध पिणं यांतून येणारा, परत परत ताप आणि सांधेदुखी देणारा ब्रुसेलोसिस हाही असाच. यावरचे उपाय ग्रामपंचायतीला परवडणारे आहेत: कापण्यासाठी पाणी असलेला सिमेंटचा ओटा, टाकाऊ अवयवांसाठी झाकण असलेला खोल खड्डा, पशुवैद्यकीय दवाखान्याकडून जनावराची कापण्याआधी तपासणी, आणि गावातल्या व वाड्यावरच्या कुत्र्यांना वर्षातून किमान चार वेळा प्राझिक्वान्टेल या कृमिनाशकाचा डोस.